अँकीवर खोसा भाषेतली नाती: अ‍ॅप उत्तम, तयार याद्या कच्च्या

खोसा भाषेतले नातेवाचक शब्द पाठ करायला अँकी, म्हणजे प्रश्नोत्तराची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा विचारणारं अ‍ॅप, घ्यावं का? घ्यावं. पण त्यात नेहमीची इंग्रजी-खोसा यादी ओतून नव्हे. कार्डं स्वतः बनवायची तयारी असेल तर याहून चांगलं साधन फुकट मिळणार नाही. तयारी नसेल तर वहीत लिहून काढलेलं बरं, कारण चुकीची यादी अँकी इतक्या इमानदारीने पाठ करून घेतं की ती पुढे पुसताना नाकी नऊ येतात.

आधी पैशाचं. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर अँकी मोफत आहे. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावाचं वेगळ्या स्वयंसेवकांनी केलेलं अ‍ॅप आहे, तेही मोफत. आयफोनचं अधिकृत अ‍ॅप मात्र विकत घ्यावं लागतं, अमेरिकेत 24.99 डॉलर, एकदाच. नुसत्या नात्यांच्या शब्दांसाठी एवढे पैसे घालू नयेत. अँकीवेब या संकेतस्थळावर मोफत खातं काढून आयफोनच्या ब्राउझरमध्येच उजळणी करता येते. कार्डं बनवायचं काम तसंही संगणकावरच सोयीचं पडतं.

आता मूळ अडचण. खोसा ही दक्षिण आफ्रिकेतली भाषा, मुख्यतः ईस्टर्न केप आणि वेस्टर्न केप या प्रांतांतली. 2011च्या जनगणनेत 80 लाखांहून जास्त लोकांनी ती आपली पहिली भाषा म्हणून नोंदवली. शिकण्याचं बहुतेक साहित्य इंग्रजीतून आहे, आणि नात्यांच्या बाबतीत इंग्रजी फार गरीब. कार्डाच्या पुढच्या बाजूला ‘अंकल’ लिहिलं की मागे काय लिहिणार? मामा म्हणजे उमालुमे. वडिलांचा धाकटा भाऊ उतातोम्न्सिन्सि, थोरला उतातोम्खुलु. तीन उत्तरं, प्रश्न एकच. तुम्ही ‘उमालुमे’ म्हणता, कार्डावर दुसरं असतं, तुम्ही ‘पुन्हा’ दाबता. असं आठ वेळा झालं की अँकी त्या कार्डावर ‘लीच’चा शिक्का मारतं, म्हणजे वेळ खाणारं जळू कार्ड. दोष डोक्याचा नसतो, प्रश्नाचा असतो.

इथे मराठी माणसाची चंगळ आहे, आणि ती सोडू नये. मामा हे उमालुमे, मामी उमालुमेकाझि, मावशी उमाकाझि, आत्या उदादोबावो. चारही चपखल बसतात, काही समजावून सांगावं लागत नाही. उदादोबावो तर उघडच ‘वडिलांची बहीण’ आहे: उदादे म्हणजे बहीण, उबावो म्हणजे वडील. थोरल्या भावाला किंवा दादा म्हणण्याजोग्या कोणालाही उभुति, ताई म्हणण्याजोगीला उसिसि. हे दोन्ही शब्द आपल्या दादा-ताईसारखेच रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही चालतात. म्हणून त्या कार्डावर ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ लिहू नका, ‘दादा’ आणि ‘ताई’ लिहा. प्रश्नाची बाजू मराठीत ठेवली की निम्मी जळू कार्डं जन्मालाच येत नाहीत.

जिथे मराठीही पुरत नाही त्या जागा ओळखून ठेवाव्या लागतात. ‘काका’ हा शब्द एकटा टाकू नये. ‘वडिलांचा धाकटा भाऊ’ असंच लिहावं. उतातोम्खुलु शब्दशः ‘मोठे वडील’. आजोबांसाठी तो सर्रास वापरतात आणि वडिलांच्या थोरल्या भावालाही, त्यामुळे या शब्दाला दोन कार्डं करून दोन्हींवर तोच शब्द ठेवला तरी बिघडत नाही. आजी दोन्हीकडची एकच, उमाखुलु. बहिणीचं मूल म्हणजे उम्त्शाना, मुलगा असो की मुलगी. म्हणजे भाचा आणि भाची एकाच कार्डावर. पण पुतण्या त्यात बसत नाही. पारंपरिक हिशेबात पुरुषाच्या भावाची मुलं ही त्याचीच मुलं. त्यामुळे मुलासाठी उन्याना आणि मुलीसाठी इन्तोम्बि हेच शब्द लागतात.

चुलत-मावस आणि मामे-आते हा भेदही तिथे आहे, फक्त वेगळ्या रीतीने. मामेभावंडं आणि आतेभावंडं म्हणजे उम्झा. चुलत आणि मावस भावंडं ही सख्ख्यांसारखीच, त्यांना उभुति, उसिसि किंवा उम्न्ताक्वेथु. एकच सावधगिरी: मामाच्या मुलीवरून आपल्याकडे होणारी थट्टा तिथे करू नये. वडिलांच्या, आईच्या आणि आज्यांच्या कुळातही लग्न निषिद्ध मानणारा हा समाज आहे. या कुळनामाला इसिदुको म्हणतात. नेल्सन मंडेलांना सगळे ‘मदिबा’ म्हणत ते त्यांचं कुळनामच.

तयार यादी समोर आली तर ती घ्यायची की नाही, हे अर्ध्या मिनिटात ठरवता येतं. वडिलांसाठी ‘उबाबा’, आजीसाठी ‘उगोगो’, भावासाठी ‘उम्फोवेथु’ असे शब्द दिसले तर ती यादी झुलूची आहे किंवा झुलूशी कालवलेली आहे. दोन्ही भाषा न्गुनी गटातल्या, एकमेकींना जवळच्या, त्यामुळे ही भेसळ सहज होते. ‘गोगो’ दक्षिण आफ्रिकेत सगळीकडे कानावर पडतो हे खरं, पण खोसाच्या यादीत आजीसमोर उमाखुलु नसेल तर यादी करणाऱ्याने पुरेसं तपासलेलं नाही. दुसरी खूण अनेकवचनाची. यादीत एकही अनेकवचन नसेल तर ती अर्धवट आहे. तिसरी खूण सगळ्यांत महत्त्वाची: आईसाठी एकच शब्द दिला आहे का?

खोसात आई कोणाची यावर शब्द बदलतो. माझी आई उमामा, तुझी आई उन्योको, त्याची किंवा तिची आई उनिना. वडिलांचंही तसंच: माझे उताता किंवा उबावो, तुझे उयिह्लो, त्याचे उयिसे. बहिणीला शेपूट बदलतं: उदादेवेथु, उदादेवेनु, उदादेवाबो, म्हणजे आमची, तुमची, त्यांची. भावंडासाठी उम्न्ताक्वेथु, उम्न्ताक्वेनु, उम्न्ताक्वाबो. हे बारा-तेरा शब्द साध्या प्रश्नोत्तर कार्डांवर घालू नयेत. त्यांना अँकीचा ‘क्लोझ’ प्रकार वापरावा: एका ओळीत तिन्ही रूपं लिहायची आणि पहिली, दुसरी, तिसरी अशा तीन रिकाम्या जागा करायच्या. एका नोंदीतून तीन कार्डं निघतात आणि प्रत्येक वेळी उरलेली दोन रूपं डोळ्यासमोर राहतात. चार नोंदी, बारा कार्डं, विषय संपला. ‘उबावो’ हा जादा शब्द त्याच जागेत तिरकी रेघ देऊन लिहावा.

या शब्दांत मालकी आधीच मुरलेली असते. त्यामुळे उदादेवेथुला पुन्हा ‘वाम्’ म्हणजे ‘माझी’ जोडायचं नसतं आणि उनिनाला ‘वाखे’ जोडायचं नसतं. ‘थांदीची आई’ म्हणायचं तर ‘उनिना काथांदि’. मराठीत आपणही ‘आमची ताई’ म्हणतो, एकुलता एक असलो तरी ‘आमचे बाबा’ म्हणतो, तेव्हा ‘वेथु’चं वळण कानाला परकं वाटू नये.

उन्योको आणि उयिह्लो या दोन शब्दांबद्दल याद्या सहसा काही सांगत नाहीत, आणि ते धोक्याचं आहे. समोरच्याच्या आईला उन्योको म्हणणं उद्धट वाटतं; भांडणात तर ती सरळ शिवी होते. सभ्य बोलण्यात ‘उमामा वाखो’ आणि ‘उताता वाखो’ म्हणतात. शब्द ओळखता यायला हवेत, तोंडातून यायला नकोत. अँकीत याची सोय आहे: क्लोझमधलं ते एक कार्ड अँकीच्याच कार्डयादीच्या ‘ब्राउझ’ खिडकीत निवडून ‘सस्पेंड’ करायचं, म्हणजे थांबवून ठेवायचं, आणि खोसाकडून मराठीकडे जाणारं ओळखीचं कार्ड तेवढं चालू ठेवायचं.

असाच आदराचा भेद बायकोच्या शब्दात आहे. उम्फाझि म्हणजे स्त्री आणि बायकोही, पण दुसऱ्याच्या बायकोविषयी इन्कोसिकाझि म्हणावं. नवरा उम्येनि. सासू उमामाझाला, सासरे उबावोझाला, सून उमोलोकाझाना, जावई उम्ख्वेन्याना.

आता नोंदीची रचना, कारण अँकीची खरी ताकद इथे आहे आणि नवखे लोक इथेच फसतात. ‘बेसिक’ प्रकारात पुढची आणि मागची अशा दोनच चौकटी मिळतात. त्या पुरत नाहीत. ‘मॅनेज नोट टाइप्स’मध्ये जाऊन सात चौकटी करा: खोसा एकवचन, मराठी अर्थ, ‘माझा’सह रूप, ‘माझे’सह अनेकवचन, हाक मारायचं रूप, आवाज, टीप. पहिली चौकट खोसाचीच ठेवा. फाइल आत घेताना अँकी पहिल्या चौकटीवरून नोंद जुनी की नवी हे ठरवतं. तिथे ‘काका’ असेल आणि फाइलमध्ये काका दोनदा आले तर नेहमीच्या सेटिंगमध्ये दुसरी ओळ पहिलीवर चढते. फाइल भरताना सत्तर ओळी होत्या आणि आत नोंदी कमी दिसतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच. आजोबा आणि थोरले काका यांना एकच खोसा शब्द असल्यामुळे त्या जोडीची दुसरी नोंद हाताने घाला.

एका नोंदीतून चार कार्डं काढावीत. मराठीवरून ‘माझा’सह रूप. आवाजावरून मराठी. एकवचनावरून अनेकवचन. आणि मराठीवरून हाक. पुढची बाजू ज्या चौकटीवर अवलंबून आहे ती रिकामी असेल तर अँकी ते कार्ड बनवतच नाही, त्यामुळे अनेकवचन नको असेल तिथे साचा, म्हणजे कार्डाची मांडणी, तसा बांधून चौकट मोकळी सोडली की काम झालं. 36 नाती धरली तर जास्तीत जास्त 144 कार्डं; मोकळ्या चौकटी वजा जाता 130 च्या आसपास.

‘माझा’सह रूप कशासाठी, हा प्रश्न पडेल. कारण खोसात नाम कोणत्या वर्गातलं यावर ‘माझा’ बदलतो, आणि तो वर्ग नुसत्या शब्दाकडे बघून नेहमी कळत नाही. उमामा वाम्, पण इन्तोम्बि याम्. कुटुंब उसाफो, ‘उ’नेच सुरू होतं, पण उसाफो ल्वाम्. उसाना म्हणजे तान्हं बाळ, तेही ल्वाम्. अनेकवचनात उम्न्त्वाना वामचं आबान्त्वाना बाम्, उन्याना वामचं ओन्याना बाम्, इन्तोम्बि यामचं ईन्तोम्बि झाम्, उसाफो ल्वामचं ईन्त्साफो झाम्. नाम आणि ‘माझा’ जोडीने पाठ केले की वर्गांचा तक्ता वेगळा घोकावा लागत नाही. नुसतं ‘उसाफो’ पाठ करणारा पहिल्याच वाक्यात ‘उसाफो वाम्’ म्हणतो.

रोमन लिपीत अनेकवचनाचा तो ‘ओ’ दोनदा लिहितात. इंग्रजीच्या सवयीने तो ‘ऊ’ वाचला जातो आणि ‘ऊमामा’ अशी चूक पक्की होते. तो लांब ‘ओ’ आहे: ओमामा, ओताता, ओमालुमे. दुहेरी ‘आय’ म्हणजे मात्र लांब ‘ई’च. यासाठी अनेकवचनाच्या कार्डावर उत्तर टंकून तपासायची सोय लावावी. अँकी अक्षर-अक्षर जुळवून चुकलेलं अक्षर रंगात दाखवतं, दुहेरी अक्षर गाळलं की लगेच दिसतं. खोसा चौकटीत रोमन स्पेलिंगच ठेवा. देवनागरी उच्चार हवाच असेल तर टीपेत, उत्तरात नको.

उच्चारात मराठी जिभेला बरंच आयतं मिळतं. उमाखुलुमधला ‘ख’ आणि उमाकाझिमधला ‘क’ वेगळे आहेत हे इंग्रजी माणसाला शिकवावं लागतं, आपल्याला नाही. रोमनमध्ये ‘टी-एच’ म्हणजे आपला महाप्राण, ‘पी-एच’ म्हणजे ओठ मिटून काढलेला खरा ‘फ’, दात ओठावर टेकवून नव्हे. अडतं ते दोन ठिकाणी. ‘एच-एल’ म्हणजे ‘ह’ अधिक ‘ल’ नव्हे. जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची, कंठातला आवाज बंद, आणि बाजूने हवा सोडायची. उयिह्लोमध्ये हा ध्वनी येतो. दुसरी जागा चटका ध्वनींची, ज्यांची लोक उगाच धास्ती घेतात. नात्यांच्या शब्दांत ते फार थोडे आहेत. मुख्य म्हणजे ‘धाकटा’ या अर्थाच्या ‘न्सिन्सि’मध्ये. तिथलं रोमन ‘सी’ अक्षर म्हणजे हळहळताना आपण जिभेने ‘च्च’ करतो तोच, नाकातून सुरू केलेला. म्हणून खोसाची सुरुवात नात्यांपासून करणं शहाणपणाचं आहे.

आवाजाची चौकट रिकामी ठेवू नका. खोसात स्वर उंच-सखल असतात आणि ते लिखाणात दाखवत नाहीत. इंग्रजी यंत्र-आवाजाकडून वाचून घेतलेलं तर मुळीच घालू नका. खोसा बोलणाऱ्या माणसाकडून त्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रण घ्या: आधी शब्द सुटा, मग ‘माझा’सह, मधे एक सेकंद थांबून. सुट्या शब्दात शेवटून दुसरा स्वर लांबतो आणि पुढे शब्द आला की ती लांबी कमी होते, म्हणून दोन्ही हवेत. प्रत्येक तुकडा तीन-चार सेकंदांचा. एकाच फाइलमध्ये सगळे शब्द घेऊन नंतर कापत बसण्यापेक्षा कार्डाच्या खिडकीतलं ध्वनिमुद्रणाचं बटण दाबून एकेक घेतलेलं सोपं.

हाकेचं रूप अगदी सोपं आहे आणि तरी बहुतेक याद्या ते गाळतात. पहिला स्वर काढायचा: मामा, ताता, मालुमे, माकाझि, भुति, सिसि. अनेकवचनी ‘ओ’ला मात्र आधी ‘ब’ लागतो: बोमामा, बोताता. सभेत वक्ता सुरुवात करतो ती याच हाकेने. वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला ‘मोलो, ताता’, अनेकांना ‘मोल्वेनि’. ‘मोलो, उताता’ म्हटलं की शब्द यादीतून उचललाय हे लगेच कळतं.

वाक्यांची सहा कार्डं पुरेत. लो न्गुमामा वाम्, ही माझी आई. ले यिन्तोम्बि याम्, ही माझी मुलगी. आबा न्गाबान्त्वाना बाम्, ही माझी मुलं. न्दिनोभुति, मला दादा आहे. न्दिनेन्तोम्बि, मला मुलगी आहे. न्दिनाबान्त्वाना आबाबिनि, मला दोन मुलं आहेत. शेवटच्या तिघांत ‘ना’ आणि नामाचा पहिला स्वर यांचा संधी होतो: आ अधिक उ म्हणजे ओ, आ अधिक इ म्हणजे ए. शाळेत ‘महोत्सव’ आणि ‘महेंद्र’ सोडवले असतील तर नियम पाठ आहे.

सेटिंगमध्ये एक गोष्ट बदलायलाच हवी. रोज 20 नवी कार्डं हा मूळ आकडा इथे जास्त आहे. उमामा, उमाखुलु, उमाकाझि, उमालुमे, उमामाझाला, सगळ्यांची सुरुवात एक. एका दिवशी पाचही आली की दुसऱ्या दिवशी आजी मावशी होते आणि मावशी सासू. आकडा 6 वर आणा, नव्या कार्डांचा क्रम यादृच्छिक ठेवा आणि एकाच नोंदीची कार्डं त्याच दिवशी न दाखवण्याचा, म्हणजे ‘बरी’चा पर्याय चालू करा. या वेगाने 130 कार्डं साधारण 22 दिवसांत एकदा समोर येतात. 2023 साली आलेली एफएसआरएस ही वेळापत्रकाची नवी पद्धत चालू केली तर स्मरणाचं लक्ष्य 90 टक्क्यांवरच राहू द्या. इतक्या छोट्या संचाला ते वाढवून उजळणीचं ओझं तेवढं वाढतं.

यादी एक्सेलमध्ये तयार करत असाल तर साधी सीएसव्ही करू नका, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ‘यूटीएफ-8’ असलेला पर्याय निवडा.  आत घेण्याआधी दिसणाऱ्या नमुन्यात चौकटी जुळल्या आहेत ना, हे पहिल्या तीन ओळींवर बघून घ्या.

अँकीचं रूप रुक्ष आहे, मेनू गोंधळात टाकणारे आहेत, आणि साचे बदलताना थोडी एचटीएमएलसारखी चिन्हं हाताळावी लागतात. संगणकाची अजिबात सवय नसलेल्याला पहिली संध्याकाळ जड जाईल. लहान मुलांसाठी तर हे नव्हेच. त्यांना घरच्यांचे फोटो चिकटवलेला तक्ता द्यावा. आणि ज्याला लग्न होऊन खोसा घरात जायचं आहे, त्या सुनेने आणखी एक लक्षात ठेवावं: तिथे सुनांनी सासऱ्यांच्या नावातली अक्षरंसुद्धा टाळून बोलायची ‘ह्लोनिफा’ नावाची रीत आहे. त्यासाठीचे पर्यायी शब्द घराघराप्रमाणे बदलतात, तेव्हा टीपेच्या चौकटीत जागा ठेवावी आणि ती सासूला किंवा नणंदेला विचारूनच भरावी.